पेशीवरून सुटलेला रिसेप्टर

जुलै-ऑगस्टात मुंबईत कुणाचा ताप तीन दिवसांच्या वर रेंगाळला की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ठरलेली नावं येतात. सीबीसी, मलेरिया, डेंग्यू एनएस-१, तुंबलेल्या पाण्यातून चालून आला असाल तर लेप्टो, आणि बहुतेकदा सीआरपी. संध्याकाळपर्यंत रिपोर्ट फोनवर येतो. मलेरिया-डेंग्यूच्या ओळींत पॉझिटिव्ह-निगेटिव्ह असतं, ते कळतं. सीआरपीपुढे मात्र नुसता ठळक आकडा आणि शेजारी वर तोंड केलेला बाण. मग जिन्यात गाठ पडते तेव्हा शेजारच्या काकू विचारतात, "काय हो, ह्यांचा सीआरपी शहाऐंशी आलाय. म्हणजे कसला आजार?"

"तो आजार नाही, काकू. अंगात कुठेतरी दाह चाललाय एवढंच तो सांगतो. कुठे आणि कशाने, ते त्यातून कळत नाही."

"मग करायचा कशाला?"

प्रश्न रास्त आहे. सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. यकृत ते आपल्या मनाने वाढवत नाही. कुणीतरी तसा निरोप धाडावा लागतो. निरोप असतो इंटरल्युकिन-६ नावाच्या छोट्या प्रथिनाचा, थोडक्यात आयएल-६. आणि तो घेण्यासाठी यकृताच्या पेशीवर एक रिसेप्टर असतो. हा लेख त्या रिसेप्टरबद्दल आहे. त्याची एक सवय बाकीच्या रिसेप्टरांपेक्षा वेगळी आहे: तो पेशीवरून सुटून रक्तात फिरायला लागतो. संधिवातात सांधे का झिजतात, कोविडमध्ये एका इंजेक्शनसाठी लोक शहरभर का धावले आणि कॅन्सरवरच्या, पवईत तयार झालेल्या उपचारात तेच इंजेक्शन जवळ का ठेवावं लागतं, या तिन्हींची उत्तरं शोधताना याच रिसेप्टरपाशी यावं लागतं.

आधी तो सीआरपीचा आकडा येतो कसा, ते पाहू. पिवळ्या झाकणाच्या नळीत घेतलेलं रक्त गोठू देतात, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. वर जो पिवळसर द्रव राहतो ते सीरम. त्यात लॅटेक्सचे अतिसूक्ष्म मणी मिसळतात. मण्यांवर सीआरपीला धरणाऱ्या अँटीबॉडी चिकटवलेल्या असतात. सीरममध्ये सीआरपी जितका जास्त, तितके मणी एकमेकांना चिकटतात आणि द्रव गढूळ होतो. यंत्र त्यातून प्रकाश सोडून तो गढूळपणा मोजतं. बहुतेक लॅब हा आकडा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही मात्र प्रति डेसिलिटरमध्ये. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून "एका दिवसात दहापट उतरला" म्हणून खूश होण्याआधी एकक बघावं. ८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजेच ८० मिलिग्रॅम प्रति लिटर.

१९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन सापडलं. निरोप पोहोचल्यावर साधारण सहा तासांत ते वाढू लागतं, दोनेक दिवसांत शिखर गाठतं, आणि निरोप थांबला की दर १९ तासांनी जवळपास निम्मं होत जातं. म्हणून डॉक्टरांना एका आकड्यापेक्षा दोन दिवसांच्या अंतराने काढलेले दोन आकडे जास्त उपयोगी पडतात. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, सीआरपी उतरत नाही; ताप उतरवणारी गोळी मेंदूकडे जाणाऱ्या वेगळ्या वाटेवर काम करते, यकृताकडचा निरोप चालूच राहतो. काकूंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे. दाह किती आहे आणि तो चढतोय की उतरतोय, हे कळण्यासाठी ही तपासणी करायची.

आता निरोपाकडे वळू. जंतू शिरला किंवा कुठे जखम झाली की तिथल्या पांढऱ्या पेशी, विशेषतः मॅक्रोफेज, आयएल-६ सोडतात. निरोगी माणसाच्या रक्तात एका मिलिलिटरमध्ये ते जेमतेम काही पिकोग्रॅम असतं. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमच्या एक लाख कोटी भागांपैकी एक. रक्तात जंतुसंसर्ग पसरलेल्या गंभीर रुग्णात हेच प्रमाण हजारो पटींनी वाढू शकतं. ते यकृतापर्यंत पोहोचलं की सीआरपीबरोबर फायब्रिनोजेनही वाढतं, त्यामुळे ईएसआर, म्हणजे नळीत तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग, वाढतो. हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढतं आणि शरीरातलं लोह कोठारात कुलूपबंद होतं. जंतूंना लोह मिळू नये म्हणून ही सोय आहे, पण दाह महिनोन् महिने चालला तर त्याच सोयीने हिमोग्लोबिन घसरतं. घरात कुणाला जुनाट संधिवात असेल आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, तर त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

आयएल-६ चं जनुक १९८६ मध्ये जपानच्या ओसाका विद्यापीठात तादामित्सु किशिमोतो, तोशियो हिरानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळं काढलं. दोन वर्षांनी त्याच गटाने रिसेप्टरही शोधला. पेशीच्या आवरणातून आरपार गेलेलं हे प्रथिन. मोठा भाग बाहेर, आखूड शेपटी आत. गंमत अशी की त्या आखूड शेपटीला पेशीच्या आत निरोप पोहोचवताच येत नाही. आयएल-६ येऊन रिसेप्टरला चिकटतं खरं, पण पुढचं काम दुसरं एक प्रथिन करतं, जीपी-१३०. आयएल-६, रिसेप्टर आणि जीपी-१३० हे तिघं एकत्र आले, आणि अशा दोन तिकडी जुळल्या, की जीपी-१३० च्या आतल्या भागाला लागून असलेली जॅक नावाची एन्झाइम्स जागी होतात. ती स्टॅट-३ नावाच्या प्रथिनाला फॉस्फेट जोडतात. स्टॅट-३ पेशीकेंद्रात शिरतं आणि ठरावीक जनुकं चालू करतं. त्यांतलंच एक जनुक सॉक्स-३ बनवतं, जे उलट येऊन जॅकला गप्प करतं. म्हणजे निरोप चालू करतानाच तो थांबवायची सोयही झालेली असते.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. पेच पुढे आहे. जीपी-१३० शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीवर असतं. आयएल-६ चा रिसेप्टर मात्र मोजक्याच पेशींवर: यकृताच्या पेशी, काही पांढऱ्या पेशी आणि आणखी थोड्या. रक्तवाहिन्यांचं अस्तर किंवा सांध्याच्या आवरणातल्या तंतुपेशी यांच्यावर तो जवळपास नसतोच. मग यांना आयएल-६ चा निरोप कळायला नको. पण कळतो.

मुंबईतल्या हाउसिंग सोसायटीचं उदाहरण घेऊ. नियम कडक: वॉचमन सोबत असल्याशिवाय बाहेरच्या माणसाला दार उघडायचं नाही. दारं सगळ्या बिल्डिंगांना आहेत, वॉचमन मात्र थोड्याच सोसायट्यांनी ठेवलाय. त्यामुळे पाहुणा फक्त तिथेच आत जाऊ शकतो. आता समजा, एका सोसायटीचा वॉचमन नोकरी सोडून गल्लीत फिरायला लागला, युनिफॉर्म अंगावर तसाच. रस्त्यात भेटलेल्या पाहुण्याला घेऊन तो ज्या बिल्डिंगीत कधीच वॉचमन नव्हता तिच्या दाराशी उभा राहिला, तर दार उघडेल. पाहुणा आयएल-६, वॉचमन रिसेप्टर, दार जीपी-१३०.

वॉचमनला मोकळं करणारं एन्झाइम आहे अ‍ॅडॅम-१७. ते पेशीच्या पृष्ठभागावर असतं आणि रिसेप्टरचा बाहेरचा भाग कापून सोडतं. थोडा मोकळा रिसेप्टर पेशी मुळातच शेपटीशिवाय तयार करतात. दोन्ही मिळून निरोगी रक्तातही तो बराच असतो. बाकीचे बहुतेक रिसेप्टर असे सुटले की निरोप अडवतात. टीएनएफ हा दाहाचा असाच आणखी एक निरोप; त्याचा मोकळा रिसेप्टर टीएनएफला वाटेतच धरून ठेवतो, आणि त्या तत्त्वावर संधिवाताचं औषधही बनलंय. आयएल-६ चा मोकळा रिसेप्टर उलट वागतो. जिथे निरोप पोहोचला नसता तिथेही तो पोहोचवतो. जर्मनीतल्या कील विद्यापीठातले स्टेफान रोझ-जॉन यांनी या दुसऱ्या मार्गावर अनेक वर्षं काम केलं. पेशीवर बसलेल्या रिसेप्टरमार्फत जातो तो पारंपरिक मार्ग, मोकळ्या रिसेप्टरमार्फत जातो तो ट्रान्स-सिग्नलिंग. ढोबळमानाने पहिला सावरतो, आतड्याचं अस्तर आणि यकृत दुरुस्त करायला मदत करतो. जुनाट दाह धुमसत ठेवण्यात दुसऱ्याचा हात मोठा असतो.

ढोबळमानाने म्हटलं, कारण वॉचमनच्या गोष्टीत सगळं बसत नाही. रक्तात जीपी-१३० ही मोकळं फिरत असतं आणि आयएल-६ व मोकळा रिसेप्टर यांची जोडी ते वाटेत पकडतं. रिसेप्टरच्या जनुकात एक सर्रास आढळणारा बदल आहे, ज्यात ३५८ व्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्लाऐवजी अ‍ॅलानिन येतं. अशा माणसांत रिसेप्टर जास्त कापला जातो, रक्तात मोकळा रिसेप्टर जास्त असतो. वरचं वाचून वाटेल, यांना दाहही जास्त. प्रत्यक्षात त्यांचा सीआरपी थोडा कमी असतो आणि हृदयविकाराचा धोकाही किंचित कमी. पेशीवरचे रिसेप्टर घटले, आणि मोकळे झालेले रक्तातल्या जीपी-१३० सोबत मिळून आयएल-६ अडवून बसले, असा त्याचा अर्थ लावतात. शरीरात "जास्त म्हणजे वाईट" हे गणित क्वचितच सरळ सुटतं.

आयएल-६ ला खलनायक ठरवण्याचीही घाई नको. जानेवारीत सीएसएमटीहून ४२ किलोमीटर धावून आलेल्या माणसाचं रक्त तपासलं, तर त्यात आयएल-६ शंभर पटींपर्यंतही वाढलेलं सापडू शकतं. ते मुख्यतः स्नायूंनी सोडलेलं असतं, त्याने साखर आणि चरबी इंधन म्हणून मोकळी होते, आणि काही तासांत ते खाली येतं. "इम्युनिटी वाढवा" म्हणून चूर्ण विकणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, नेमकं काय वाढवणार? सीआरपी ८६ असलेल्या माणसाची इम्युनिटी वाढलेलीच आहे.

संधिवातात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, हा मोकळा रिसेप्टर काय करतो ते हाताच्या बोटांवर दिसतं. पहाटे पाण्याची वेळ झाली तरी मूठ वळत नाही. बोटांची मधली पेरं सुजून मऊ लागतात, डब्याचं झाकण फिरत नाही, लोकलच्या हँडलला नुसतं मनगट अडकवावं लागतं. तासाभराने, कधी दुपारपर्यंत, हात सैल होतो. या रुग्णांच्या रक्तात आयएल-६ पहाटेच्या सुमाराला सर्वांत जास्त असतं, त्यामुळे सकाळचा हा ताठरपणा. सुजलेल्या सांध्यात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गर्दी करतात आणि आपल्या अंगावरचा रिसेप्टर तिथेच सोडतात. ज्या तंतुपेशींवर रिसेप्टर नव्हता, त्या आता निरोप घ्यायला लागतात, फुगतात, आणखी आयएल-६ सोडतात. शेवटी हाड पोखरणाऱ्या पेशी जोर धरतात आणि एक्स-रेमध्ये सांध्याच्या कडेला कुरतडल्याच्या खुणा दिसू लागतात.

किशिमोतोंच्या गटाने आणि चुगाई या जपानी औषध कंपनीने रिसेप्टरलाच अडवणारी अँटीबॉडी तयार केली: टोसिलिझुमॅब. ती पेशीवरच्या आणि मोकळ्या, दोन्ही रिसेप्टरांना धरते, आयएल-६ ला जागाच उरत नाही. जपानमध्ये २००५ साली तिला पहिली मंजुरी मिळाली ती कॅसलमन या दुर्मीळ आजारासाठी, ज्यात सुजलेल्या लसीकाग्रंथीच आयएल-६ ओतत असतात. संधिवातासाठी परवानगी २००८ मध्ये आली. डोस वजनावर, किलोमागे ८ मिलिग्रॅमपर्यंत. १०० मिलिलिटर सलाइनमध्ये मिसळून तासाभरात थेंबथेंब देतात, सहसा महिन्यातून एकदा.

मुंबईकरांना हे नाव कळलं ते कोविडमध्ये. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये नातेवाईक हातात चिठ्ठी घेऊन परळपासून मुलुंडपर्यंत केमिस्टचे उंबरठे झिजवत होते. रोश कंपनीचं हे औषध तेव्हा भारतात सिप्लामार्फत येत होतं, ४०० मिलिग्रॅमच्या कुपीची किंमत ४० हजारांच्या आसपास होती, आणि माल आयातीचा. काळा बाजार व्हायला आणखी काय लागतं? व्हॉट्सअ‍ॅपवर ते "जीव वाचवणारं इंजेक्शन" म्हणून फिरत होतं.

खरं चित्र जास्त गुंतागुंतीचं होतं. सुरुवातीच्या कोव्हॅक्टा चाचणीत मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. भारतात झालेल्या कोव्हिन्टॉक चाचणीनेही सरसकट वापराला पाठिंबा दिला नाही. मग ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने रुग्ण नीट निवडून घेतले: ऑक्सिजन ९२ टक्क्यांच्या खाली किंवा ऑक्सिजन लावलेला, आणि सीआरपी ७५ किंवा त्याहून जास्त. चार हजारांवर रुग्ण, बहुतेकांना सोबत स्टेरॉइड. २८ दिवसांत नेहमीच्या उपचारांवरच्या शंभरातले ३५ दगावले, टोसिलिझुमॅब मिळालेल्यांतले ३१. शंभरामागे चार जीव, हा फायदा खरा आणि मोठा आहे. पण ज्या घराने दागिने गहाण ठेवून कुपी मिळवली, त्यांना हा आकडा कुणी सांगितला होता का? दाहाची लाट अजून उठलीच नाही तेव्हा दिलं तर उपयोग नाही, आणि फुप्फुसाची पुरती हानी झाल्यावर दिलं तर उशीर झालेला. जागतिक आरोग्य संघटनेने गंभीर रुग्णांसाठी त्याची शिफारस केली ती जुलै २०२१ मध्ये. तोवर आपल्याकडची दुसरी लाट ओसरली होती.

त्याच्या कितीतरी आधी, २०१२ मध्ये, फिलाडेल्फियाच्या मुलांच्या हॉस्पिटलात ल्युकेमिया झालेल्या एका लहान मुलीला कार-टी पेशी दिल्या होत्या, म्हणजे तिच्याच टी पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) काढून, जनुकीय बदल करून, पुन्हा तिच्या रक्तात सोडल्या होत्या. पेशींनी कॅन्सरवर असा हल्ला चढवला की मुलगी व्हेंटिलेटरवर गेली. रक्तात आयएल-६ प्रचंड वाढलेलं होतं. हा उपचार विकसित करणाऱ्या कार्ल जून यांना टोसिलिझुमॅब माहीत होतं, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला लहानपणीचा संधिवात होता. एका डोसनंतर काही तासांत ताप उतरायला लागला. मुलगी वाचली. तेव्हापासून कार-टीच्या दाहावरचं हे पहिल्या पसंतीचं औषध झालं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेल्या नेक्सकार-१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मंजुरी मिळाली. त्याचे रुग्ण जिथे दाखल होतात तिथेही पेशी सोडण्याआधी टोसिलिझुमॅब हाताशी आहे ना, हे पाहावं लागतं. वाढलेल्या प्रतिकारशक्तीनेच कॅन्सर मरतो आणि तिनेच माणूसही दगावू शकतो. रिसेप्टर अडवल्यावर दाह उतरतो, टी पेशींचं काम मात्र बहुतांशी चालू राहतं.

घरात कुणी हे इंजेक्शन घेत असेल तर दोन-तीन गोष्टी माहीत हव्यात. यकृताला निरोपच पोहोचत नसल्यामुळे सीआरपी जवळपास शून्यावर येतो आणि आत न्यूमोनिया असला तरी तिथेच राहू शकतो. तापही नीट चढत नाही. म्हणजे गल्लीतल्या नव्या डॉक्टरांना "रिपोर्ट नॉर्मल आहे" एवढं सांगून भागणार नाही. आधी इंजेक्शनचं नाव सांगायचं. आयएल-६ मोजलं तर ते उलट वाढलेलं दिसतं, कारण रिसेप्टर अडवल्यामुळे त्याचा निचरा थांबतो. त्याने घाबरायचं कारण नाही. आणि ज्या शहरात शिवडीसारखं टीबीचं मोठं हॉस्पिटल कायम भरलेलं असतं, तिथे पहिल्या डोसआधी छातीचा एक्स-रे आणि लपलेल्या टीबीची तपासणी टाळण्याचा प्रश्नच येत नाही. कावीळ-बीचीही तपासणी तेव्हाच उरकतात.

टोसिलिझुमॅबची अडचण अशी की ते सावरणारा आणि धुमसवणारा, दोन्ही मार्ग एकदम बंद करतं. ज्यांच्या मोठ्या आतड्यात आधीच फुगे आलेले असतात त्यांच्यात आतड्याला भोक पडण्याचा धोका यामुळेच असावा. म्हणून फक्त मोकळ्या रिसेप्टरचा मार्ग अडवणारं ओलॅमकिसेप्ट नावाचं रेणू घडवलं गेलं. मोकळ्या जीपी-१३० च्याच दोन प्रती जोडून केलेली ती नक्कल आहे. मोठ्या आतड्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिसवर पूर्व आशियात झालेल्या ९१ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. दर दोन आठवड्यांनी ६०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी सुमारे ५९ टक्के १२ आठवड्यांत सुधारले, तर नुसतं सलाइनसारखं बिनऔषधी इंजेक्शन मिळालेल्यांपैकी सुमारे ३५ टक्के. त्यातल्या प्रत्येक गटात तीसेकच माणसं होती, त्यामुळे ते बाजारात यायच्या आधी मोठ्या चाचण्या लागतील.